नव्या फिशटँकचं पाणी बदलायचं की नाही?

प्रश्न थोडक्यात: पुण्याच्या उपनगरात राहणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. मुलाच्या वाढदिवसाला त्यांनी दोन बाय एक बाय एक फुटाचा फिशटँक घेतला. दुकानदाराने त्याच दिवशी खडी, आत बसवायचा पॉवर फिल्टर, सहा छोटे गोल्डफिश आणि काच साफ ठेवायला एक 'सकर' मासा असं सगळं लावून दिलं. आठव्या दिवशी पाणी दुधाळ झालं. त्याच्याच सांगण्यावरून त्यांनी टाकी पूर्ण रिकामी केली आणि खडी व फिल्टरचा स्पंज नळाखाली लख्ख धुतला. पुढच्या काही दिवसांत दोन गोल्डफिश गेले. आता विसावा दिवस आहे. थेंबांचं टेस्ट किट आणून पाहिलं तर अमोनिया १, नायट्राइट २, नायट्रेट ४० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), पीएच ८ आणि टीडीएस ४१०. दुकानदार म्हणतो, पुन्हा सगळं पाणी बदला आणि निळं औषध टाका. माशांचा शौक असलेले एक स्नेही म्हणतात, पाण्याला हात लावू नका, सायकल, म्हणजे टाकीत जिवाणूंची बसत आलेली घडी, मोडेल. नायट्रेट आलंय म्हणजे काम होतच आलंय. ताई लिहितात, 'सोसायटीत सध्या टँकर चालू आहे. रात्री आवाज होतो म्हणून फिल्टर बंद करतो, बाकी काळजी नीट घेतो. कुणाचं ऐकू? सगळं रिकामं करून मासे न ठेवता पहिल्यापासून सुरू करू का? आणि हे आकडे शून्यावर येणार कधी?'

ताई,

दोघंही अर्धे बरोबर आहेत आणि तुमची पंचाईत नेमकी त्यामुळेच झालीय. पाणी बदलायला हवं, हे दुकानदाराचं खरं. टाकीत जे रुजतंय ते मोडता कामा नये, हे तुमच्या स्नेह्यांचं खरं. चूक एवढीच की जे रुजतंय ते पाण्यात आहे, असं दोघांनीही धरून ठेवलंय. अमोनिया आणि नायट्राइट ही विषं पचवणारे ते जिवाणू पाण्यात फारसे नसतातच. ते स्पंजला, खडीला, काचेला चिकटून वाढतात. म्हणून अर्धं पाणी काढून नवं घातल्याने काही मोडत नाही. उलट स्पंज एकदा नळाखाली पिळला की आठ दिवसांची कमाई मोरीत जाते. तुमचा आज विसावा दिवस नाही, खरं तर बारावा-तेरावा आहे.

बाकीचं सावकाश वाचा, आधी आज संध्याकाळी काय करायचं ते सांगतो.

तुमची टाकी कागदावर ५७ लिटरची. वरची दोन बोटं रिकामी आणि खाली खडी, हे वजा जाता पाणी ४५ लिटरच्या आसपास असेल. त्यातलं अर्धं, म्हणजे १५ लिटरच्या बादलीने दीड बादली, आज काढा आणि तेवढंच उद्या सकाळी पुन्हा. अमोनिया १ चा आज ०.५ होईल आणि उद्या पाव. नायट्राइट २ चं १ आणि मग अर्धं. मधल्या रात्री मासे थोडी भर घालतील, पण अंदाज हाच. एकदम सगळं बदलू नका. टँकरच्या पाण्याचं तापमान आणि पीएच टाकीपेक्षा वेगळं असतं, आणि आधीच कल्ले भाजलेल्या माशाला तो धक्का सोसत नाही.

नव्या पाण्यातला क्लोरीन आधी मारायचा. टँकरमध्ये क्लोरीन कधी नावालाही नसतो, कधी नाकाला झोंबेल इतका असतो, म्हणून आहे असंच समजून चाला. दुकानात मिळणारं 'अँटिक्लोरीन' म्हणजे बहुतेक वेळा हायपो, सोडियम थायोसल्फेट. खडे मिळाले तर १ लिटर पाण्यात १० ग्रॅम विरघळवून बाटलीत ठेवा. त्यातलं १० मिलि एका बादलीला घातलं की १ पीपीएम क्लोरीनला पुरतं. उघड्या बादलीत एअर स्टोन (एअर पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा दगड) सोडून दिवसभर ठेवलेलं पाणीही चालतं, पण आज तेवढा वेळ नाही.

मग मीठ. लिटरला ०.२ ग्रॅम, म्हणजे तुमच्या टाकीला ९ ग्रॅम, जाड्या मिठाचे साधारण दोन सपाट चहाचे चमचे. तांब्याभर पाण्यात विरघळवून हळूहळू ओता. हे रोगासाठी नाही. नायट्राइट आणि मिठातला क्लोराइड कल्ल्यांच्या एकाच दारातून रक्तात शिरतात. दारात क्लोराइडची गर्दी असली की नायट्राइटला वाट मिळत नाही. रक्तात शिरलेलं नायट्राइट हिमोग्लोबिन बिघडवतं, त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. एअर पंप जोरात चालू असतानाही मासा वर येऊन तोंड उघडझाप करतो आणि कल्ले लालऐवजी चॉकलेटी दिसतात, ते यामुळे. उद्या सकाळी अर्धं पाणी काढाल तेव्हा अर्धं मीठही जाईल, म्हणून त्या वेळी एकच चमचा. बाष्पीभवनाने मीठ उडत नाही, तेव्हा नुसती पातळी भरताना मीठ घालायचं नाही.

खाणं एक दिवसाआड, आणि तेही दोन मिनिटांत संपेल इतकंच. टाकीतला सगळा अमोनिया शेवटी त्या खाण्याच्या डबीतून येतो. उपाशी गोल्डफिश मरत नाही, आठवडाभर सहज निभावतो.

निळं औषध मात्र अजिबात नको. ते बहुधा मिथिलीन ब्लू असतं. बुरशीवर, अंड्यांवर त्याचा उपयोग आहे, पण ते जिवाणूंनाही मारतं. वेगळ्या बादलीत वापरायची गोष्ट आहे ती. तुमचे दोन मासे रोगाने गेलेत असं तुमच्या आकड्यांवरून तरी दिसत नाही.

आणि पत्रातलं ते ओझरतं वाक्य, 'रात्री फिल्टर बंद करतो'. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची ओळ तीच. हे जिवाणू प्राणवायूवर जगतात. फिल्टर थांबला की डब्यात कोंडलेल्या स्पंजातला प्राणवायू काही तासांत संपतो. एका रात्रीत सगळे मरत नाहीत, पण रोज आठ तास उपाशी ठेवलेली वस्ती वाढणार कशी? विजेची काळजी असेल तर असा फिल्टर १० वॅटचा धरला तरी महिनाभर अखंड चालून ७ युनिटच्या आसपास जळतात. आवाजाचा बंदोबस्त करता येतो. पाणी वरून पडत असेल तर पातळी बोटभर वाढवून फिल्टरचं तोंड पाण्याच्या किंचित खाली घ्या. घरघर येत असेल तर रबरी चूषक सुटून फिल्टर काचेला टेकलाय, किंवा आतल्या पंख्यात खडीचा कण अडकलाय. वीज गेली तर तीन-चार तासांपर्यंत चिंता नाही. त्याहून जास्त लांबली तर स्पंज डब्यातून काढून टाकीच्या पाण्यात मोकळा सोडा.

आता तुमचे आकडे. ते एकेकटे वाचायचे नसतात.

मासे कल्ल्यांतून अमोनिया सोडतात, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. एक प्रकारचे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन पदार्थ विषारी, तिसरा बराच सौम्य. पहिल्या जिवाणूंची वस्ती आधी वाढते, दुसऱ्यांची मागून, कारण त्यांना खायला नायट्राइट लागतं आणि पहिल्यांनी कामाला सुरुवात करेपर्यंत ते नसतंच. म्हणून आधी अमोनिया चढतो, मग तो उतरू लागतो तसं नायट्राइट चढतं, शेवटी नायट्राइट उतरून नायट्रेट साठू लागतं. लोक याला टँक सायकल होणं म्हणतात. सगळं जमायला साधारण तीन ते सहा आठवडे लागतात, थंडीत जास्त. पाणी २५ ते ३० अंशांवर असेल तर वेग चांगला. पुण्याच्या जानेवारीत हीटर नसला तर पाणी २० च्या खाली जातं आणि सगळं रेंगाळतं.

या हिशेबाने अमोनिया १ आणि नायट्राइट २ म्हणजे तुम्ही मधल्या टप्प्यावर आहात. पहिले जिवाणू आलेत, अजून पुरेसे नाहीत. दुसरे जेमतेम आलेत. दिसायला भीतीदायक असलं तरी गाडी रुळावर आहे.

पण अमोनिया '१' हा आकडा सगळ्या घरांत सारखा नसतो. किट एकूण अमोनिया मोजतं, आणि तो पाण्यात दोन रूपांत असतो: विषारी मुक्त अमोनिया आणि बराच निरुपद्रवी अमोनियम. कुठल्या रूपात किती, हे पीएच आणि तापमान ठरवतं. २८ अंशाला पीएच ७ असेल तर एकूणातला ०.७ टक्का विषारी. पीएच ८ असेल तर साडेसहा टक्के. साडेआठ असेल तर १८ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे धरणाचं मऊ, पीएच ७ चं पाणी वापरणाऱ्या शेजारणीच्या टाकीत आणि तुमच्या टाकीत नळीचा रंग तोच दिसला, तरी तुमच्या माशांना नऊपट विष सोसावं लागतंय. तुमचा मुक्त अमोनिया ०.०६५ च्या घरात येतो, आणि ०.०२ च्या वर गेलं की कल्ल्यांना इजा होऊ लागते असं धरतात. म्हणून 'अमोनिया एकपर्यंत चालतो' असं कुणी सांगितलं की आधी विचारायचं, पीएच किती?

नायट्रेटच्या ४० वर तुमच्या स्नेह्यांनी सगळी भिस्त ठेवलीय. मला त्या आकड्यावर भरवसा नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत. एक, नायट्रेटचं किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करतं आणि मग त्याला रंग देतं. पाण्यात मुळातच नायट्राइट असेल तर तेही त्या रंगात मिसळतं आणि आकडा फुगतो. नायट्राइट शून्यावर येईपर्यंत नायट्रेटचं रीडिंग कच्चं समजा. दोन, टँकरचं पाणी बहुधा बोअरचं किंवा विहिरीचं असतं, आणि शेतातली खतं, मैलापाणी झिरपून त्यात नायट्रेट आधीच असू शकतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली मर्यादाच लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. त्यामुळे आज टाकीबरोबर बादलीतल्या कोऱ्या पाण्याचीही अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएचची चाचणी घ्या. त्यातच २० नायट्रेट निघालं तर तुमच्या टाकीने ४० मिळवलेलं नाही, अर्धं विकत आणलेलं आहे. आणि त्यात अमोनिया निघाला, जो दूषित पाण्यात निघू शकतो, तर पाणी बदलण्याचा सगळा हिशेबच बदलतो. तेव्हा दुसरं पाणी शोधायचं.

टीडीएसचा मीटर बाजूला ठेवा. आरओ बसवणाऱ्यांनी तो घराघरांत पोचवला आणि पाण्याची प्रकृती त्या एका आकड्यात मोजायची सवय लागली. त्याला एकूण विरघळलेले क्षार कळतात, अमोनिया कुठला नि कॅल्शियम कुठलं हे कळत नाही. ४१० टीडीएसच्या पाण्यात गोल्डफिश मजेत राहतात. ८० टीडीएसच्या पाण्यात २ पीपीएम नायट्राइट असलं तर मरतात.

किट वापरताना होणाऱ्या चुका बारीक असतात. नळी आधी टाकीच्याच पाण्याने विसळा, ५ मिलिची रेघ डोळ्यासमोर आडवी धरून भरा. बाटली उभी उलटी धरा. तिरकी धरली की थेंब लहान-मोठे पडतात. नळीवर बोट ठेवून हलवू नका, झाकण लावा. थेंब किती आणि थांबायचं किती, ते तुमच्या किटच्या कागदावर असेल. पाच मिनिटं म्हटली असतील तर पाचच, अर्ध्या तासाने रंग गडद होतो आणि उगाच घाबरायला होतं. नायट्रेटच्या दुसऱ्या बाटलीत तळाशी भुकटी बसते. ती बाटली आधी अर्धा मिनिट टेबलावर ठोकून जोरात हलवायची, थेंब टाकल्यावर नळीही मिनिटभर हलवायची. आळस केला तर ४० चं १० दिसतं आणि महिनोन्महिने आपण खूश राहतो. रंग दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदावर नळी टेकवून पाहायचा. पिवळ्या बल्बखाली रंग नीट कळत नाही. शून्य की पाव, असा घोळ झाला तर घरच्या आरओच्या पाण्यावर तीच चाचणी घेऊन दोन नळ्या शेजारी धरा. पट्ट्यांची किटं अंदाजापुरती ठीक, पण त्यांतल्या अनेकांवर अमोनियाचा चौकोनच नसतो, आणि तुम्हाला सध्या तोच लागतो.

काही क्लोरीनमारक बाटल्यांवर 'अमोनिया निष्क्रिय करतो' असं लिहिलेलं असतं. त्याच्या भरवशावर पाणी बदलायचं टाळू नका.

इथून पुढे रोज एकाच वेळी अमोनिया आणि नायट्राइट मोजा. दोन्हींची बेरीज ०.५ च्या वर गेली की अर्धं पाणी बदला. रोज बदलावं लागलं तर रोज. यामुळे जिवाणू उपाशी राहतील ही भीती नको. माशांच्या कल्ल्यांतून चोवीस तास अमोनिया येतच असतो, आणि पाव पीपीएमवरही जिवाणू वाढतात. फिल्टरचा प्रवाह मंदावला तरच स्पंज हलवायचा, तोही काढलेल्या टाकीच्या पाण्यात दोनदा दाबून. तो तपकिरी, मळकट राहिला पाहिजे. पुन्हा दुधाळपणा आला तर येऊ द्या. ते दुसऱ्याच, कुजकं खाणाऱ्या जिवाणूंचं पीक असतं आणि आठवड्याभरात आपोआप बसतं. दुधाळ पाणी तितकंसं घातक नसतं. घातक आहेत ते अमोनिया आणि नायट्राइट, आणि त्यांना रंगही नसतो, वासही जाणवत नाही.

हे सगळं आठ वर्षांच्या मुलालाही जमतं. वहीत तारीख, ते दोन आकडे, आणि पाणी बदललं का, एवढे रकाने त्याला आखून द्या; थेंब तुम्ही मोजा.

टाकी रिकामी करून पहिल्यापासून सुरू करण्याची गरज मला दिसत नाही. त्यात तेवढ्या बारा-तेरा दिवसांची वस्ती पुन्हा फुकट जाईल. पण मासे ठेवायचे की परत द्यायचे, हा प्रश्न रास्त आहे. चार गोल्डफिश आणि सकर ४५ लिटरला आजही जड आहेत आणि सहा महिन्यांनी अशक्य होतील. गोल्डफिश खादाड आणि घाण करणारा मासा आहे. सकर आज बोटाएवढा दिसतोय, पण वाढून फूटभर होतो. शेवाळ खातो तितकीच विष्ठाही टाकतो, आणि इतर माशांची घाण तो खातो ही तर शुद्ध थाप. तो दुकानदाराला परत द्या. तो नाही घेत म्हणाला तरी मुठेत किंवा पाषाणच्या तळ्यात सोडू नका. हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला आहे आणि आपल्या पाण्यात तो जिथे रुजला तिथून हटत नाही.

गोल्डफिशपैकी दोन परत देऊन दोन ठेवले तर अमोनिया निम्म्यावर येईल आणि रोज पाणी बदलायची पाळी बहुधा जाईल. मुलाचा जीव त्यांच्यात गुंतला असेल तर हाच मार्ग; पुढे त्या दोघांनाही मोठी टाकी लागेल, हे आताच मनात असू द्या. रोजच्या चाचणीला घरात कुणालाच वेळ नसेल तर चारही परत द्या आणि टाकी मासे न ठेवता पूर्ण करा. मला दुसरा मार्ग माशांच्या दृष्टीने बरा वाटतो, पण तुमच्या घरात कोणता निभेल हे तुम्हीच ठरवा. एक पथ्य मात्र पाळा: चारही गेले तर दुसऱ्या दिवसापासून जिवाणूंना बाहेरून अमोनिया द्यावा लागेल, नाहीतर वस्ती रोडावेल.

तो कसा द्यायचा, हे ज्यांनी अजून मासे आणलेलेच नाहीत अशा वाचकांसाठीही सांगतो. लागतो तो अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर. कल्हईवाल्याकडचा, बाजारातला खडा नको, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. रासायनिक द्रव्यांच्या दुकानातून प्रयोगशाळेच्या दर्जाचा १०० ग्रॅम आणा, जन्मभर पुरेल. १० ग्रॅम घेऊन ५०० मिलि पाण्यात विरघळवा. ४५ लिटर पाण्यात या द्रावणाचे १४ मिलि टाकले की अमोनिया २ पीपीएमच्या आसपास येतो. टाकून तासाभराने मोजा आणि मग थांबा. अमोनिया ०.५ च्या खाली आला की पुन्हा ७ मिलि. हे करताना मिठाची किंवा रोज पाणी बदलायची गरज नाही, कारण मरायला कुणी नाही.

इथे नायट्राइट अडकल्यासारखं वाटतं आणि लोक हवालदिल होतात. हिशेब पाहा: १ पीपीएम अमोनियाचं २.७ पीपीएम नायट्राइट होतं आणि शेवटी ३.६ नायट्रेट. म्हणजे सगळे डोस मिळून ४ पीपीएम अमोनिया पचला की दहाच्या वर नायट्राइट साठतं, आणि बहुतेक तक्ते पाचावरच संपतात. नळी रोज तीच गडद जांभळी दिसते. आत आकडा बाराचा आठ झाला तरी कळत नाही. मोजायचं असेल तर १ मिलि टाकीचं पाणी आणि ४ मिलि आरओचं पाणी घेऊन चाचणी करा आणि येईल त्याला पाचाने गुणा. फारच चढलं असेल तर अर्धं पाणी बदला आणि दोन-तीन दिवस नवसागर टाकू नका. शेवटची परीक्षा एकच: २ पीपीएम अमोनिया टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य. मग तीन-चतुर्थांश पाणी बदलून साठलेलं नायट्रेट काढा आणि एक-दोन दिवसांत मासे आणा, तेही थोडे थोडे.

महिनाभराचं काम आठवड्यावर आणणारी एक गोष्ट आहे: विरजण. ओळखीत कुणाकडे वर्षभर चाललेली, निरोगी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधला स्पंजाचा तुकडा मागा आणि आपल्या फिल्टरमध्ये खोचा. तुमचे स्नेही त्यासाठी उत्तम, त्यांचा सल्ला अर्धाच बरोबर असला तरी. तुकडा त्यांच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून डब्यातून आणा, वाटेत सुकू देऊ नका, उन्हात गाडीत ठेवू नका, आणि गेल्या महिन्याभरात त्यांनी टाकीत औषध घातलेलं नाही ना, ते विचारून घ्या.

बाटलीतले जिवाणू विकत घ्यायचे तर लेबल वाचा. काही बाटल्यांत बॅसिलस असतात. ते गाळ कुजवतात, अमोनियाचं नायट्राइट करण्याचं काम त्यांचं नाही. नायट्राइट पचवणारे म्हणून जुन्या पुस्तकांत नायट्रोबॅक्टर लिहिलेलं असतं. गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा करतात, हे १९९८ मध्ये समोर आलं. शिवाय हे जिवाणू बीजाणू करून तगणारे नव्हेत, म्हणून एप्रिलभर दुकानाच्या काचेत तापलेल्या बाटलीकडून फार अपेक्षा नको. तारीख बघा, सावलीत ठेवलेली घ्या, आणि त्यातलं फसलं तरी वरचं वेळापत्रक चालूच ठेवा.

'शुद्ध' म्हणून आरओचं पाणी टाकीत भरणाऱ्यांची गाडी वेगळ्याच ठिकाणी अडते. अमोनिया पचताना आम्ल तयार होतं, आणि ते शोषणारे कार्बोनेट क्षार, म्हणजे केएच, त्या पाण्यात नसतात. पीएच घसरत सहाच्या आसपास आला की जिवाणू हात आखडतात. अमोनिया जिथल्या तिथे राहतो आणि कारण उमगत नाही. अशा वेळी निम्मं नळाचं पाणी मिसळावं, किंवा खाण्याचा सोडा १०० लिटरला ३ ग्रॅम घालावा, त्याने केएच एका अंशाने वाढतो. एका दिवसात एक-दोन अंशांपलीकडे जायचं नाही. मासे आत असतील आणि अमोनिया चढलेला असेल, तर आधी अमोनिया खाली आणून मग सोडा. पीएच वर सरकला की तोच अमोनिया एकदम विषारी होतो. तुमचा पीएच ८ आहे, तुम्हाला सोडा लागणार नाही.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येतील. मासे कमी केलेत आणि फिल्टर अखंड चालला तर आणखी तीन-चार आठवडे धरा. नेहमीचं खाणं देऊन, मध्ये पाणी न बदलता, सलग सात दिवस दोन्ही शून्य दिसले की झालं. नायट्रेट शून्यावर येणार नाही आणि यायची गरजही नाही. झाडं नसलेल्या टाकीत ते चढतच राहतं. दर आठवड्याला पाव ते एक-तृतीयांश पाणी बदलून ते ४० च्या खाली ठेवायचं. बदलायच्या पाण्यातच २० असेल तर त्याहून खाली ते कधीच जाणार नाही, उगाच त्याच्या मागे लागू नका. गोल्डफिश सगळेच परत दिलेत, तर या कठीण पाण्यात सहा नर गप्पी छान राहतील, पहिल्या आठवड्यात तीन आणि दोन आठवड्यांनी तीन.

आणि जूनच्या शेवटी टँकर बंद होऊन धरणाचं पाणी सुरू होईल तेव्हा पहिल्या बादलीचा पीएच मोजल्याशिवाय टाकीत ओतू नका. ते पाणी मऊ असतं, पीएच आणि क्षार दोन्ही खाली असतात, आणि पावसाळ्यात त्यात क्लोरीनही जास्त घालतात. त्या पंधरवड्यात एकदम अर्धं न बदलता दर तीन-चार दिवसांनी एकेक बादलीच बदला, आणि हायपोचं माप दुप्पट करा.